तबकडीवरचा सोलो उतरवताना

वॉशिंग्टन शहरात १९२१च्या सुमारास एडवर्ड एलिंग्टन नावाचा विशीतला तरुण आपोआप वाजणाऱ्या पियानोपुढे बसून शिकत होता. भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी त्या पियानोत घातली आणि पायाने भाता मारला की पट्ट्या आपल्याआप खाली जायच्या. गुंडाळीवर होतं जेम्स पी. जॉन्सनचं 'कॅरोलायना शाउट'. हार्लेममधल्या पियानोवाल्यांची कसोटी पाहणारी ही चीज. डावा हात खालचा स्वर आणि मधली कॉर्ड यांच्यात सतत उड्या मारतो, उजवा हात त्या चालीला छेद देत राहतो. मूळ लयीत नवख्याच्या हाती काहीच लागत नाही. एलिंग्टनला ही गुंडाळी दाखवली पर्सी जॉन्सन नावाच्या ड्रमर मित्राने, आणि यंत्राचा वेग उतरवायची युक्तीही त्याचीच. वेग उतरवला की कोणती पट्टी कधी दबते ते डोळ्यांना दिसतं. दबलेल्या पट्ट्यांवर बोटं ठेवत ठेवत एलिंग्टनने सगळी चीज हातात बसवली. पुढे जॉन्सन वॉशिंग्टनला आला तेव्हा मित्रांनी एलिंग्टनला पुढे ढकललं आणि त्याने ती चीज खुद्द जॉन्सनसमोर वाजवून दाखवली. हाच तरुण नंतर ड्यूक एलिंग्टन म्हणून जगाला माहीत झाला.

जॅझमधला सोलो वाजवणारा तो वाजवता वाजवताच रचत असतो. आधी त्याचं नोटेशन नसतं आणि नंतरही तो स्वतः सहसा लिहून ठेवत नाही. उरतं ते ध्वनिमुद्रण. म्हणून ते पुन्हा पुन्हा ऐकायचं, अडलेली जागा मागे नेऊन परत ऐकायची आणि सोलोतला स्वर न् स्वर उतरवून काढायचा, हीच या संगीताची शाळा राहिली आहे. लांबून पाहणाऱ्याला हे कारकुनी काम वाटतं. कागद भरला, काम संपलं. ज्यांनी आयुष्यभर हे केलं त्यांचा अनुभव मात्र उलटा आहे. कागदावर जे येतं ते सोलोतलं सगळ्यात सोपं असतं. खरी कमाई उतरवणाऱ्याच्या कानात आणि बोटांत जमा होते.

सोलो छापून विकण्याची कल्पनाही जवळजवळ जॅझच्या तबकड्यांइतकीच जुनी म्हणावी लागेल. १९२७ मध्ये शिकागोच्या मेलरोज ब्रदर्स या प्रकाशकांनी लुई आर्मस्ट्राँगच्या नावावर दोन पुस्तकं काढली. एकात कॉर्नेटसाठी ५० कोरस, दुसऱ्यात १२५ ब्रेक. ब्रेक म्हणजे बाकीचा बँड थांबलेला असताना एकट्याने घेतलेली छोटी तान. आर्मस्ट्राँगने या पुस्तकांसाठी मुद्दाम फोनोग्राफच्या सिलिंडरांवर वाजवलं आणि एल्मर शोबेल या पियानोवादकाने ऐकून ते कागदावर उतरवलं. छापलेली पानं आज उपलब्ध आहेत, सिलिंडर मात्र कुणाच्या हाती लागलेले नाहीत. त्यामुळे विचित्र परिस्थिती आहे. आर्मस्ट्राँगने काय वाजवलं ते आपल्याला वाचता येतं. त्याने सूर कसा फुंकला, तो कुठे रेंगाळला, कोणत्या स्वराला शेवटी कंप दिला, हे कळायला मार्ग नाही. ते ऐकायचं तर त्याच काळातल्या त्याच्या दुसऱ्या तबकड्यांकडेच जावं लागतं.

* * *

कॅन्सस सिटीचा चार्ली पार्कर १७ वर्षांचा व्हायचा होता. १९३७चा उन्हाळा. जॉर्ज ई. ली याच्या बँडबरोबर तो मिझुरीतल्या ओझार्क डोंगराळ भागातल्या पर्यटकांच्या गावी नोकरीला गेला. त्याआधी शहरातल्या जॅम सेशनमध्ये त्याची फजिती झालेली होती. बँडमधल्या गिटारवाल्याकडून आणि पियानोवालीकडून तो कॉर्डांचं शास्त्र शिकला, आणि काउंट बेसीच्या तबकड्या लावून टेनर सॅक्सोफोनवाल्या लेस्टर यंगचे सोलो पाठ केले. परतला तेव्हा ओळखू येऊ नये इतका बदलला होता, असं त्याला ओळखणाऱ्यांनी सांगून ठेवलं आहे. १९४०च्या नोव्हेंबरात जे मॅकशॅनच्या बँडने कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरी रेडिओ स्टेशनवर काही गाणी मुद्रित केली. त्यातल्या 'लेडी बी गुड'मध्ये पार्करचा अल्टो ऐकावा. यंगची वळणं त्यात अजून ताजी आहेत आणि पार्करचा स्वतःचा वेगही डोकावू लागला आहे.

यंगचा 'लेडी बी गुड'मधला सोलो १९३६ मध्ये शिकागोत मुद्रित झाला. ३२ बारांचं आवर्तन, दोन वेळा. सॅक्सोफोन शिकणाऱ्याच्या हाती सुरुवातीला हा सोलो ठेवतात त्याला कारण आहे. वाक्यं सुटी सुटी आहेत, दोन वाक्यांमध्ये श्वास आहे आणि गुणगुणता येईल अशी चाल आहे. तरीही पहिल्या पायरीवरच अडचण येते. गाणं 'जी' पट्टीतलं आहे. टेनरचा लिहिलेला 'सी' ऐकू येतो तो खालचा 'बी फ्लॅट' म्हणून, त्यामुळे टेनरवाल्याच्या कागदावर ते 'ए' पट्टीत जातं, तीन शार्प घेऊन. अल्टोचा लिहिलेला 'सी' 'ई फ्लॅट' ऐकू येतो. अल्टोवाल्याला तोच सोलो 'ई' पट्टीत, चार शार्पांनिशी, बोटांत बसवावा लागतो. शिवाय टेनरचे तळाचे काही स्वर अल्टोवर नाहीतच. ती वाक्यं एक सप्तक वर उचलावी लागतात. नुसतं ऐकून वाजवणाऱ्याला हा हिशेब बोटांनीच सोडवावा लागतो, आणि त्यातून वाद्याची पूर्ण ओळख होते.

यंगची आणखी एक खोड कागदाला पुरून उरते. तो एकच स्वर लागोपाठ पाच-सहा वेळा घेतो, पण दर दुसऱ्या वेळी चाव्यांची मांडणी बदलतो. स्वर तोच राहतो आणि रंग पालटतो. एक खुला, एक दबका, एक खुला, एक दबका. कागदावर पाहिलं तर एकाच रेषेवर सारखे ठिपके. उतरवणारे ठिपक्यांच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह आणि शून्य आळीपाळीने लिहितात. त्या खुणेचा अर्थ तबकडी ऐकलेल्यालाच लागतो.

* * *

पार्करचं स्वतःचं 'को-को' उतरवायला बसलेल्याची गत पाहावी. २६ नोव्हेंबर १९४५, न्यूयॉर्क, सॅव्हॉय कंपनी. आधार रे नोबलच्या 'चेरोकी' या गाण्याच्या कॉर्डांचा. लय मिनिटाला सुमारे ३०० मात्रांची. म्हणजे सेकंदाला पाच मात्रा, आणि पार्कर बहुतेक ठिकाणी मात्रेला दोन स्वर वाजवतो. सेकंदाला दहा स्वर कानावर आदळतात. चार मात्रांचा एक बार पाऊण सेकंदाच्या जरा पुढे जाऊन संपतो. ६४ बारांची दोन आवर्तनं, १२८ बार, आणि दोन मिनिटांच्या आत सगळा सोलो आटोपतो.

इथे कुणी पहिल्या स्वरापासून लिहायला घेत नाही. आधी आवर्तनाचा सांगाडा काढायचा. १६ बारांचे चार भाग, पहिले दोन आणि शेवटचा सारखे, तिसरा वेगळा. बास ऐकत कागदावर नुसत्या बारांच्या रेघा मारायच्या आणि वर कॉर्ड लिहायच्या. तिसऱ्या भागात पट्टी 'बी', 'ए', 'जी' अशी पायरीपायरीने उतरते, आणि पार्कर तिथे बोटांना अवघड पट्ट्यांतून जातो. ती जागा आधी सापडली की हरवल्यावर परत येता येतं. मग खुणेचे स्वर शोधायचे. वाक्याचा पहिला, शेवटचा, सगळ्यात उंच, आणि जिथे जोर पडतो तो. उरलेलं मधलं त्या खुंट्यांच्या आधाराने भरायचं. दोन बार लिहून झाले की वाद्यावर वाजवून तबकडीशी ताडायचे, मग पुढचे दोन.

जुन्या पिढीकडे वेग उतरवायला तबकडीयंत्र होतं. काही यंत्रांवर ३३⅓ फेऱ्यांच्या निम्मा, १६⅔चा वेग असायचा. टेपरेकॉर्डर आला तेव्हा त्याचाही निम्मा वेग कामी आला. गुंडाळीचा पियानो हळू केला तरी सूर जागचा हलत नाही. तबकडी निम्म्या वेगाने फिरवली की सूर बरोबर एक सप्तक उतरतो. अल्टोच्या नेमका एक सप्तक खाली बॅरिटोन सॅक्सोफोन असतो. त्यामुळे निम्म्या वेगातला पार्कर एखादा जाड आवाजाचा बॅरिटोनवाला विचार करत करत वाजवतोय असा ऐकू येतो. पट्टी तीच राहत असल्याने उतरवणाऱ्याचं काम भागायचं. आता 'अमेझिंग स्लो डाउनर' किंवा 'ट्रान्स्क्राइब!' यांसारखे प्रोग्राम सूर न हलवता वेग हवा तितका कमी करतात आणि हवे ते दोन बार फिरवत ठेवतात.

वेग उतरवला की दुसरीच गोष्ट ध्यानात येते. पूर्ण लयीत स्पष्ट ऐकू आलेले काही स्वर प्रत्यक्षात वाजलेलेच नसतात. जिभेने रीड अर्धवट दाबून, चावी नुसती हलवून पार्कर स्वराची जागा सोडून देतो आणि आपला कान ती भरून काढतो. अशा स्वराला घोस्ट नोट म्हणतात. कुणी तो कंसात लिहितो, कुणी ठिपक्याऐवजी फुली काढतो. दोन चांगल्या माणसांनी उतरवलेल्या एकाच सोलोत सगळ्यात जास्त फरक पडतो तो इथेच.

दुसऱ्या आवर्तनाच्या तोंडाशी आणखी एक बक्षीस आहे. पार्कर तिथे 'हाय सोसायटी' या न्यू ऑर्लीन्समध्ये गाजलेल्या जुन्या मार्चमधली क्लॅरिनेटची तान उचलतो. ती तान अल्फोन्स पिकूच्या नावावर आहे. पिकूने ती मार्चच्या छापील नोटेशनमधल्या पिकोलोच्या भागावरून क्लॅरिनेटवर घेतली होती, आणि पुढे न्यू ऑर्लीन्सच्या प्रत्येक क्लॅरिनेटवाल्याला ती वाजवून दाखवावी लागे. छापील कागदावरून पिकूच्या बोटांत, तिथून गावभरच्या कानांत, आणि १९४५ मध्ये बीबॉप शैलीच्या ऐन भरात पार्करच्या अल्टोवर. हे ज्याला उतरवताना सापडतं त्याला पार्कर आकाशातून पडला होता असं पुन्हा वाटत नाही.

* * *

सॅक्सोफोन एका वेळी एकच स्वर काढतो. पियानोचं तसं नाही. दहा बोटं, पेडल, आणि तारांमधून आपोआप उमटणारे वरचे स्वर. खालचा 'सी' जोरात वाजवला की त्याच्या वरचा 'सी' आणि त्याही वरचा 'जी' मंद ऐकू येतो. वाजवणाऱ्याने ते दाबलेले नसतात, तरी उतरवणाऱ्याच्या कागदावर ते हमखास येऊन बसतात. उलट मधल्या बोटांनी खरोखर दाबलेले स्वर ड्रमच्या झांजेखाली हरवतात. त्यात बिल एव्हान्स, रेड गारलंड, विंटन केली यांची पद्धत अशी की कॉर्डचा मूळ स्वर बासवाल्यावर सोपवायचा आणि डाव्या हाताने उरलेले तीन-चार स्वरच दाबायचे. नवखा उतरवणारा मूळ स्वर ऐकतो, कारण तो बासमध्ये असतो, आणि पियानोच्या पट्टीवर नेऊन लिहितो.

माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्ल्यू' या तबकडीवरचं 'सो व्हॉट' त्यासाठी पाहण्यासारखं आहे. १९५९च्या २ मार्चला न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत ते मुद्रित झालं, पियानोवर एव्हान्स. बासने चाल विचारावी आणि पियानोने दोन कॉर्डांत उत्तर द्यावं, अशी सुरुवात आहे. पट्टी 'डी' डोरियन. विद्यार्थी ऐकतो, 'डी मायनर' असं लिहितो, 'डी', 'एफ', 'ए' दाबतो, आणि एव्हान्सचा आवाज येत नाही. मग एकेक स्वर सुटा करून ऐकावा लागतो. पहिल्या कॉर्डमध्ये खालून वर 'ई', 'ए', 'डी', 'जी', 'बी'. दुसरी तिच्या एक पूर्ण स्वर खाली: 'डी', 'जी', 'सी', 'एफ', 'ए'. खालची तीन अंतरं शुद्ध मध्यमाची, वरचं एकच शुद्ध गंधाराचं. त्या काळच्या पियानोत कॉर्ड सहसा गंधारांच्या थरांनी रचलेली असायची. इथे मध्यमांचे थर आहेत, आणि त्यातूनच तो मोकळा, कुठेच न टेकणारा आवाज येतो. संगीताच्या शाळांत या मांडणीला 'सो व्हॉट कॉर्ड' हेच नाव पडलं. कॉर्डचं नाव कागदावर लिहून ही मांडणी कळत नाही. पाच बोटांचं एकमेकांपासूनचं अंतर ऐकूनच पकडावं लागतं.

या तबकडीने उतरवणाऱ्यांना वेगळाच त्रासही दिला. त्या दिवशीचं टेपयंत्र जरासं हळू चाललं होतं. तीच टेप नेहमीच्या वेगाने लावल्यावर सूर थोडा चढा येऊ लागला. पहिल्या बाजूवरची तिन्ही गाणी, 'सो व्हॉट', 'फ्रेडी फ्रीलोडर' आणि 'ब्ल्यू इन ग्रीन', तशीच छापली गेली. तबकडी लावून सोबत वाजवायला बसलेल्या पियानोवाल्याला पियानोचा सूर जुळत नसे, सॅक्सोफोनवाला माउथपीस आत ढकलून सूर चढवून घेई. ही चूक १९९०च्या दशकात, राखून ठेवलेल्या दुसऱ्या टेपवरून दुरुस्त झाली. तोवर तीन दशकांहून अधिक काळ जगभरच्या विद्यार्थ्यांनी एव्हान्स आणि त्याच तबकडीवरचा टेनर सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन चढ्या सुरात ऐकले.

* * *

स्वर सगळे बरोबर लागले, तरी कागद वाजवल्यावर जॅझ ऐकू येत नाही. कारण मात्रेचे दोन तुकडे समान नसतात. पहिला लांब, दुसरा आखूड. पण किती लांब? स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठातल्या अँडर्स फ्रिबर्ग आणि अँड्रियास सुंडस्ट्रॉम यांनी नामवंत ड्रमरांच्या तबकड्या मोजून २००२ मध्ये निष्कर्ष मांडले. हळू लयीत लांब तुकडा आखूड तुकड्याच्या तिपटीहूनही मोठा असतो, आणि लय वाढेल तसा फरक कमी होत द्रुत लयीत दोन्ही जवळजवळ सारखे होतात. सोलो वाजवणारे ड्रमरपेक्षा समान तुकडे घेतात, मात्रेवर किंचित उशिरा येतात, आणि मात्रेच्या दुसऱ्या तुकड्यावर मात्र ड्रमरला नेमके गाठतात. डेक्स्टर गॉर्डनचा टेनर मागे रेललेला वाटतो तो असाच. हे लिहायला नोटेशनमध्ये जागाच नाही. छापणारे वर 'स्विंग' एवढा शब्द लिहून पुढे जातात.

मुंबईत वाजवणाऱ्या गोवेकरांना ही उणीव फार लवकर कळली. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलं लहानपणीच नोटेशन वाचायला शिकत. १९३५ मध्ये लिऑन ॲबी आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला, त्यामागून क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड आले, आणि गोवेकरांना अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांच्या शेजारी बसून वाजवायला मिळालं. कागद त्यांना येतच होता, स्विंग शेजाऱ्याकडून आणि तबकड्यांवरून उचलावा लागला. हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ ट्रंपेटवर आर्मस्ट्राँगच्या ढंगाने वाजवू लागला. लोकांनी त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हटलं. तोच चिक चॉकलेट, ज्याने पुढे सी. रामचंद्रांबरोबर काम केलं आणि जो १९५१च्या 'अलबेला'त पडद्यावरही दिसतो. सेबॅस्टियन डिसूझा आणि अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या अरेंजरांनी हिंदी चित्रपटांच्या ऑर्केस्ट्रासाठी पानंच्या पानं लिहिली. संगीतकाराने गाऊन दाखवलेली चाल कानाने उचलून व्हायोलिन, ट्रंपेट, सॅक्सोफोन यांच्यासाठी कागदावर मांडायची, हे त्यांचं रोजचं काम होतं. नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकात मुंबईच्या या जॅझचा सगळा पट आला आहे.

* * *

कागद हवा की नको, यावर जॅझच्या गुरूंमध्ये एकमत नाही. न्यूयॉर्कमध्ये शिकवणारा अंध पियानोवादक लेनी ट्रिस्टानो विद्यार्थ्याला आधी गायला लावायचा. लेस्टर यंगचा एक सोलो घ्यायचा, तबकडीबरोबर गायचा, प्रत्येक श्वास आणि प्रत्येक खेच जुळेपर्यंत. मग तबकडी बंद करून गायचा. त्यानंतरच वाद्य हातात घ्यायचं. ली कोनित्झ आणि वॉर्न मार्श त्याच्याकडे तयार झाले. पार्करच्या काळात अल्टो हातात घेऊनही पार्करसारखे न वाजलेले जे मोजके लोक आहेत त्यांत कोनित्झचं नाव आधी घ्यावं लागतं. दुसऱ्याचे सोलो गाऊन गाऊन माणूस नकलाकार होतो, या भीतीला त्याचं वाजवणं हे उत्तर आहे.

दुसऱ्या टोकाला वॉशिंग्टनचा अँड्र्यू व्हाइट. सॅक्सोफोनवादक, ओबोवादक, आणि स्टीव्ही वंडरबरोबर बास गिटार वाजवलेला माणूस. त्याने जॉन कोल्ट्रेनचे ६००हून अधिक सोलो कागदावर उतरवले आणि घरच्याच प्रकाशनातून विकले. २०२० मध्ये तो गेला. कोल्ट्रेनचा 'जायंट स्टेप्स' ज्याने एकदा उतरवला असेल त्याला या आकड्याचं वजन कळेल. १९५९च्या मे महिन्यातलं हे मुद्रण. १६ बारांत २६ कॉर्ड, पट्टी 'बी', 'जी' आणि 'ई फ्लॅट' अशी मोठ्या गंधाराच्या अंतराने उड्या मारते, आणि लय 'को-को'च्या जवळपास. कोल्ट्रेनचा सोलो न अडखळता वाहतो. त्यामागून टॉमी फ्लॅनगनचा पियानो येतो, तो तुटक वाक्यांनी सुरू होतो आणि शेवटी नुसत्या कॉर्डांवर येऊन थांबतो. दोन्ही सोलो शेजारी शेजारी लिहिले की कोल्ट्रेनची तयारी स्वच्छ दिसते. एकच चार स्वरांचा आकार, पट्टीचा पहिला, दुसरा, तिसरा आणि पाचवा स्वर, तो कॉर्डमागून कॉर्डवर बसवत जातो. ऐकताना पुरासारखं वाटणारं वाजवणं कागदावर घोटलेल्या घटकांत सुटं होतं.

पार्करचे असेच घटक थॉमस ओवेन्स या अभ्यासकाने १९७४ मध्ये प्रबंधासाठी वेगळे काढले. सुमारे २५० सोलो उतरवून त्याने पुन्हा पुन्हा येणारे शंभराच्या आसपास आकार नोंदवले. पार्करच्या सोलोंमागे लागलेल्यांत डीन बेनेडेट्टीसारखे वेडेही होते. हा सॅक्सोफोनवाला १९४७-४८ मध्ये क्लबांत यंत्र घेऊन बसायचा आणि फक्त पार्कर वाजवत असताना मुद्रण करायचा. पार्कर थांबला की यंत्र बंद, कारण त्याला सोलोच उतरवायचे होते. ती मुद्रणं हरवली असं कित्येक वर्षं सगळे धरून चालले होते. १९९० मध्ये मोझेक कंपनीने ती बाहेर काढली.

१९७८ मध्ये जेमी एबरसोल्ड आणि केन स्लोन यांनी उतरवलेलं 'चार्ली पार्कर ऑम्निबुक' आलं. ६० सोलो एका पुस्तकात. सॅक्सोफोनवाल्याच्या घरी ते असतंच. त्याने केलेला उपकार मोठा आहे, कारण ज्या गावात शिकवणारा नाही तिथेही पार्कर पोचला. नुकसानही तिथेच झालं. तयार पान समोर असलं की विद्यार्थी ठिपके वाजवतो आणि तबकडी लावत नाही. म्हणून पुस्तक आधी न उघडता चार बार स्वतः उतरवायचे, मग ताडून पाहायचं, असा नियम चांगले शिक्षक घालून देतात. जुळलं नाही तर पुस्तक बरोबर की आपण, हे तबकडीलाच विचारायचं.

कीथ जॅरेटनेही हेच कबूल करून घेतलं. २४ जानेवारी १९७५ला कोलोनमध्ये एकट्याने, काहीही न ठरवता वाजवलेली त्याची मैफल पियानोच्या तबकड्यांत अफाट खपली. नोटेशन छापा म्हणून मागण्या येत राहिल्या, तो नाही म्हणत राहिला. शेवटी १९९१ मध्ये शॉट या प्रकाशकांकडून ते निघालं तेव्हा त्याने अट घातली: हे वाजवू पाहणाऱ्याने अखेरचा शब्द ध्वनिमुद्रणाचा मानावा. त्या मैफलीत पियानो ऐनवेळी मिळालेला, वाईट अवस्थेतला होता, वरचे स्वर पातळ आणि खालचे कमजोर. जॅरेट मधल्या पट्ट्यांत राहिला आणि डाव्या हाताने एकच आकृती पुन्हा पुन्हा घोळवत राहिला. छापील पानावर त्या पुनरावृत्ती कोरड्या दिसतात. तबकडीवर दर वेळी जोर वेगळ्या बोटावर आहे.

* * *

आता हे काम मोठ्या प्रमाणावरही होऊ लागलं आहे. जर्मनीतल्या वायमार इथल्या फ्रान्झ लिस्ट संगीत विद्यापीठात मार्टिन फ्लाइडरर आणि सहकाऱ्यांनी ४५६ सोलोंचा संग्रह उभा केला. दोन लाखांहून अधिक स्वर, प्रत्येक कधी सुरू झाला आणि किती टिकला याच्या नोंदीसह. ठरावीक वळण कुणी कुणाकडून घेतलं, कोणत्या दशकात वाक्यं लांबली, असे प्रश्न त्यामुळे सगळ्या सोलोंना एकदम विचारता येतात. संगणक मदतीला होता, तरी स्वर ठरवले ते माणसांनी, कानाने, आणि दुसऱ्याने तपासून. एकट्या पियानोच्या बाबतीत यंत्रं आता बरीच पुढे गेली आहेत. गूगलच्या संशोधकांनी पियानो स्पर्धांच्या शेकडो तासांच्या मुद्रणांवर, पट्टीनिहाय नोंदींसह, त्यांना शिकवलं. चारपाच वाद्यांच्या गर्दीतून घासलेल्या जुन्या तबकडीवरचा सॅक्सोफोन वेगळा काढून घोस्ट नोट कुठली आणि चुकलेला स्वर कुठला हे ठरवणं त्यांना अजून जड जातं.

उतरवण्याचं काम कुठवर नेता येतं ते 'मोस्टली अदर पीपल डू द किलिंग' या अमेरिकन बँडने २०१४ मध्ये करून पाहिलं. त्यांनी 'काइंड ऑफ ब्ल्यू' पहिल्या स्वरापासून शेवटपर्यंत उतरवलं आणि 'ब्ल्यू' या नावाने जसंच्या तसं पुन्हा मुद्रित केलं. सोलो, मागची साथ, झांजेचे ठोके, सगळं. जॅझ म्हणजे तर क्षणात सुचलेलं, मग हा खेळ कशाला, असं पुष्कळांनी विचारलं. दोन्ही तबकड्या लागोपाठ लावून ऐकणाऱ्याला उत्तर मिळतं, आणि सगळ्यात जास्त मिळतं ते सॅक्सोफोनमध्ये. मूळ तबकडीवर टेनर कोल्ट्रेनचा आहे, अल्टो कॅननबॉल ॲडर्लीचा. एकाचा आवाज सरळ आणि धारदार, दुसऱ्याचा गोल आणि उसळता. 'ब्ल्यू'मध्ये दोघांचंही काम जॉन इराबागोन या एकाच वादकाने केलं आहे. त्याला स्वर पाठ करून भागणार नव्हतं. कोल्ट्रेन स्वराच्या सुरुवातीला जीभ कशी लावतो, ॲडर्ली वाक्याच्या शेवटी सूर कुठे वाकवतो, कोण मात्रेच्या पुढे झेपावतो आणि कोण मागे रेलतो, हे एकेक करून त्याने ऐकलं आणि ओठांत बसवलं. तरीही दोन तबकड्यांत फरक ऐकू येतो, आणि तो नेमका कुठे आहे हे आता बोट ठेवून दाखवता येतं.